मुठेच्या गाळातली फिरती जनुके

खडकवासल्याखालची मुठा आणि संगमाजवळची मुठा यांतला फरक कोणाही पुणेकराला डोळ्यांआधी नाकाने कळतो. हा फरक नदीतल्या जिवाणूंच्या डीएनएपर्यंत कसा पोहोचला आहे, हे २०१७ साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकातल्या एका शोधनिबंधाने आकड्यांत दाखवले. नचिकेत मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या वरच्या अंगाचा आणि शहरातला असा मुठेचा गाळ तपासला. जिवाणू एकेक करून काचेच्या बशीत वाढवण्यावर न विसंबता त्यांनी गाळातला सगळा डीएनए एकत्र काढला आणि त्याचा क्रम वाचला. त्यात एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारी १७५ प्रकारची प्रतिजैविकरोधक जनुके सापडली. एनडीएम, केपीसी, व्हीआयएम, आयएमपी आणि ओएक्सए-४८ या गटांतली, म्हणजे अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांना निकामी करणारी जनुकेही त्यात होती. शहरातल्या गाळात अशा जनुकांचे एकूण प्रमाण वरच्या गाळाच्या ३० पट होते. रुग्णालयांत ठाण मांडून बसणारा ॲसिनेटोबॅक्टर हा जिवाणूगट काही नमुन्यांत तब्बल २९ टक्क्यांपर्यंत होता.

एवढ्यावर बातमी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे आणि तिच्यावर सहसा कोणाची नजर थांबत नाही. शहरातल्या गाळात जनुकांबरोबर ती जनुके हलवणारी यंत्रणाही वाढलेली होती. इंटेग्रॉनची इंटिग्रेज जनुके आणि आयएससीआर गटाची ट्रान्सपोझेज जनुके तिथे जास्त प्रमाणात आढळली. खरी चिंता या दुसऱ्या नोंदीत आहे. कोणते जनुक सापडले याची यादी हे निम्मे उत्तर आहे. ते जनुक कशावर बसले आहे आणि त्या घडीला कोणत्या जिवाणूच्या पेशीत आहे, हे कळल्याशिवाय धोका किती आणि उपाय कोणता हे ठरवताच येत नाही. भारतातले नदीविज्ञान आणि नदीविषयक धोरण अजून यादीपाशीच थांबले आहे, आणि यापुढे तिथे थांबून चालणार नाही.

यादीचा मोह समजण्यासारखा आहे; आकडा चटकन सांगता येतो. पण प्रतिरोधक जनुक सापडणे ही मुळात नवलाची गोष्टच नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातील गेरी राइट यांच्या गटाने युकॉनमधल्या, सुमारे ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीतून डीएनए काढला. बीटा-लॅक्टम, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिनसारखी ग्लायकोपेप्टाइड औषधे यांना दाद न देणारी जनुके त्यात निघाली. हे काम २०११ साली प्रसिद्ध झाले. मातीतले जिवाणू आणि बुरश्या एकमेकांवर ही रसायने फार पूर्वीपासून सोडत आल्या आहेत, तेव्हा त्यांपासून बचाव करणारी जनुकेही तितकीच जुनी असणार. एखाद्या निरुपद्रवी जिवाणूच्या गुणसूत्रात हजारो वर्षे जागा न सोडता बसलेले जनुक कोणत्याही रुग्णाच्या वाटेत येत नाही. तेच जनुक प्लास्मिडवर चढले आणि तो प्लास्मिड माणसाच्या आतड्यातल्या इ. कोलायमध्ये शिरला, की प्रकरण वेगळे होते. स्पेनमधल्या मार्टिनेझ, कोक आणि बाकेरो या तिघांनी २०१५ साली नेमके हेच मांडले: सगळ्या प्रतिरोधक जनुकांना एका मापाने मोजू नका, चलनक्षमता आणि यजमान पाहून त्यांची धोक्यानुसार उतरंड लावा.

जनुकांना असे फिरवणाऱ्या चल जनुकीय घटकांची दुनिया एकजिनसी नाही. प्लास्मिड म्हणजे गुणसूत्राबाहेर स्वतंत्रपणे वाढणारा, बहुधा वर्तुळाकार डीएनए; त्यांतले काही दोन पेशींमध्ये पूल बांधून स्वतःची प्रत पलीकडे पाठवतात. इन्सर्शन सिक्वेन्स आणि ट्रान्सपोझॉन डीएनएमधली एक जागा सोडून दुसरीकडे उडी मारतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात असे उडते घटक १९४० च्या दशकात ओळखले, आणि त्याबद्दलचे नोबेल त्यांना १९८३ साली मिळाले. इंटेग्रॉन बाहेरून आलेली जनुके एकामागे एक ओळीने बसवून घेतात. फाज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, एका यजमानाचे जनुक चुकून उचलून दुसऱ्यात सोडतात. मुख्य म्हणजे हे सगळे एकमेकांच्या पोटात राहू शकतात. जनुक इंटेग्रॉनमध्ये, इंटेग्रॉन ट्रान्सपोझॉनमध्ये, ट्रान्सपोझॉन प्लास्मिडवर आणि प्लास्मिड एखाद्या क्लेब्सिएलामध्ये, अशी चार पदरांची रचना रुग्णालयातल्या जिवाणूंत नेहमी दिसते. म्हणूनच एका औषधाचा वापर वाढला, की ज्यांचा त्या औषधाशी संबंध नाही अशी शेजारची जनुकेही फुकटात पसरतात.

हे पहिल्यांदा नीट उलगडले ते जपानमध्ये. युद्धानंतरच्या काळात तिथे शिगेलामुळे होणाऱ्या आमांशाच्या साथी चालू होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदम न जुमानणारे जिवाणू रुग्णांत सापडू लागले. एका जिवाणूत चार वेगवेगळे उत्परिवर्तन एकाच वेळी होणे जवळपास अशक्य, तेव्हा दुसरे काहीतरी घडत असणार. १९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी प्रतिरोधक इ. कोलाय आणि साधा शिगेला एकत्र वाढवून दाखवले, की चारही गुण एका झटक्यात पलीकडे जातात. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत सविस्तर आढावा लिहिल्यावर ही गोष्ट पाश्चात्त्य जगाच्या पचनी पडली. रोग पसरतो तसा आनुवंशिक गुणही संसर्गाने पसरू शकतो, हे त्या दिवसांत मान्य करणे सोपे नव्हते.

जपानी संशोधकांच्या हाती बशीत वाढणारे जिवाणू होते. नदीच्या गाळातले बहुसंख्य जिवाणू मात्र प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी आणि बशीत उगवणाऱ्या वसाहती यांच्यातली तफावत सूक्ष्मजीवशास्त्राला फार जुनी आहे. मातीच्या बाबतीत एक टक्का जिवाणू उगवले तरी पुष्कळ. जो वाढत नाही त्याच्या पोटात काय आहे हे कसे कळणार? यावर जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दिशा दाखवली, ती म्हणजे जीव वेगळे न करता सगळ्या समूहाचा डीएनए एकत्र अभ्यासायचा. २००४ साली जिल बॅनफिल्ड यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीच्या आम्लयुक्त पाण्यातल्या जिवाणूंचे जवळजवळ अख्खे जीनोम अशा मिश्रणातून जुळवून दाखवले, आणि त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांनी सारगासो समुद्राच्या पाण्यावर तेच तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले. आज मेटाजीनोमिक्स नावाची ही पद्धत जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग झाली आहे.

मात्र या तंत्राला जी गोष्ट सर्वांत कठीण जाते, ती नेमकी चल घटकांचीच आहे. इथे थोडे थांबायला हवे, कारण याच ठिकाणी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष पाण्यात जातात.

प्रचलित यंत्रे डीएनए सलग वाचत नाहीत. ती त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याची साधारण १५० अक्षरे वाचतात आणि असे कोट्यवधी तुकडे संगणकाच्या स्वाधीन करतात. एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतो का हे पाहत संगणक लांब पट्ट्या जोडत जातो. या पट्ट्यांना प्रयोगशाळेत काँटिग म्हणतात. आता कल्पना करा, की गल्लीतल्या शंभर घरांमधले आरतीसंग्रह गोळा करून त्यांचे चार-चार शब्दांचे कपटे केले आहेत आणि मूळ आरत्या पुन्हा जुळवायच्या आहेत. कडव्यांपर्यंत काम सुरळीत चालते. पण ध्रुवपद आले, की तेच शब्द अनेक आरत्यांत असल्यामुळे पुढचे कडवे गणपतीचे की शंकराचे हे त्या कपट्यावरून कळायला मार्ग उरत नाही. ध्रुवपदाच्या आधीची आणि नंतरची ओळ एकाच कागदावर सलग असेल, तरच निकाल लागतो.

डीएनएमधले ध्रुवपद म्हणजे हे चल घटक. आयएस२६ नावाचा इन्सर्शन सिक्वेन्स ८२० अक्षरांचा आहे. १५० अक्षरांचे वाचन त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय त्याच्या प्रती एकाच प्लास्मिडवर अनेक आणि नमुन्यातल्या कितीतरी जिवाणूंमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ‘बँडेज’ या संगणकप्रणालीत अशा जोडणीचा आलेख उघडला, की हे डोळ्यांना दिसते. लांब रेषा शांतपणे चाललेल्या असतात, आणि एका आखूड, जाड खंडापाशी येऊन त्या सगळ्यांचा गुंता होतो. चार रेषा आत येतात, सात बाहेर पडतात. कोणती रेषा कोणत्या रेषेत जाते हे आलेख सांगत नाही. त्या आखूड खंडाचा क्रम आयएसफाइंडर या संग्रहात शोधला, की बहुतेक वेळा एखाद्या ट्रान्सपोझेजचे नाव येते. संगणक अशा जागी खोटे जोडण्यापेक्षा पट्टी तोडणे पसंत करतो. परिणामी प्रतिरोधक जनुक हाती लागते ते दोन्ही बाजूंनी छाटलेल्या इवल्याशा काँटिगवर, ना शेजार ना पत्ता. ज्या माहितीसाठी एवढा खटाटोप केला, ती नेमकी तिथेच गळून पडते.

पुढची पायरीही तितकीच दगा देणारी. एकाच जिवाणूच्या पट्ट्या एका गठ्ठ्यात बांधण्यासाठी त्यांची रासायनिक ठेवण आणि नमुन्यातली विपुलता सारखी आहे का हे पाहतात. प्लास्मिडच्या एका पेशीत अनेक प्रती असू शकतात आणि त्याची ठेवण यजमानापेक्षा निराळी असते, त्यामुळे तो आपल्या घरच्या गठ्ठ्यात जातच नाही. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० साली, उत्तर आधीच ठाऊक असलेला कृत्रिम नमुना वापरून याची परीक्षा घेतली. गुणसूत्रांचा ८२ ते ९४ टक्के भाग योग्य गठ्ठ्यांत आला. बाहेरून आलेल्या जीनोम-बेटांचा जेमतेम ३८ ते ४४ टक्के, आणि प्लास्मिडांचा वापरलेल्या पद्धतीनुसार १ ते २९ टक्के. हे आकडे प्रत्येक नदी-अभ्यासकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावेत. एखाद्या निबंधात जिवाणूंच्या शेकडो जीनोमची पुनर्रचना केल्याचे लिहिले असेल आणि त्यांत प्रतिरोधक जनुके फारशी नाहीत असा निष्कर्ष असेल, तर ती जनुके नव्हतीच की गठ्ठ्याबाहेर सांडली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

यावर तोडगे आहेत आणि ते आता प्रायोगिक राहिलेले नाहीत. पॅकबायो आणि ऑक्सफर्ड नॅनोपोअरची यंत्रे हजारो अक्षरे सलग वाचतात. जनुक, त्याच्या दोन्ही बाजूंचे इन्सर्शन सिक्वेन्स आणि पलीकडचा प्लास्मिडचा भाग एकाच वाचनात येतो. यजमान ओळखण्यासाठी हाय-सी नावाची युक्ती आहे. नमुन्यातल्या पेशी फोडण्याआधीच त्यांवर फॉर्मॅल्डिहाइड घालतात. त्याने पेशीच्या आत एकमेकांजवळ असलेले डीएनए जागच्या जागी बांधले जातात, मग ते गुणसूत्र आणि प्लास्मिड असे भिन्न रेणू असले तरी. त्यानंतर पेशी फोडून डीएनए विकराने कापतात, शेजारची टोके एकमेकांना जोडतात आणि ते जोड वाचतात. एका जोडीचे एक टोक प्लास्मिडचे आणि दुसरे एरोमोनासच्या गुणसूत्राचे निघाले, तर दोघे एकाच पेशीत होते याचा तो पुरावा. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठातल्या स्टाल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली सांडपाण्यावर हे करून दाखवले. वर्ग-१ इंटेग्रॉन आणि आयएनसीक्यू गटाचे प्लास्मिड सर्वाधिक प्रकारच्या जिवाणूंत वावरत होते, आणि एरोमोनाडेसी हे कुल प्रतिरोधक जनुकांचे मोठे कोठार असण्याची दाट शक्यता दिसली. प्रश्न ‘कोणती जनुके?’ इथून ‘कोणाकडून कोणाकडे?’ इथवर सरकला तो असा.

धोरणाच्या दृष्टीने मात्र याहून मोलाचे काम एका फाजने केले. २०१४ साली बास दुतिल्ह आणि सहकारी माणसाच्या विष्ठेतल्या विषाणूंचा आधीच जाहीर झालेला क्रमसाठा चाळत होते. वेगवेगळ्या व्यक्तींच्या नमुन्यांतले अनोळखी तुकडे एकत्र जुळवल्यावर सुमारे ९७,००० अक्षरांचा एक अख्खा फाज उभा राहिला. तोवर त्याला कोणी पाहिले नव्हते, आणि तरी तपासलेल्या निम्म्याअधिक आतड्यांच्या नमुन्यांत तो हजर होता. क्रासफाज हे त्याचे नाव. त्याच्या कुळातला एक सदस्य प्रयोगशाळेत वाढवता आला तो २०१८ साली. हा फाज मुख्यतः माणसाच्या आतड्यातला असल्यामुळे तो जिथे दिसेल तिथे माणसाचा मैला पोहोचला आहे असे धरता येते.

अँटी कार्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली हा धागा उचलला. जगभरच्या प्रदूषित पाण्यांचे जुने मेटाजीनोम घेऊन त्यांनी क्रासफाजचे प्रमाण आणि प्रतिरोधक जनुकांचे प्रमाण शेजारी मांडले. बहुतेक ठिकाणी दोन्ही हातात हात घालून वर-खाली होत होती. याचा अर्थ असा, की तिथली बरीचशी प्रतिरोधक जनुके पाण्यातल्या औषधांच्या दाबाखाली तयार झालेली नसून थेट मैल्यातून आलेली होती. अपवाद ठरला तो औषधकारखान्यांच्या सांडपाण्याने बिघडलेल्या गाळाचा. तिथे जनुकांचे प्रमाण मैल्याच्या प्रमाणाशी जुळत नव्हते. ते त्याहून फार वर होते.

या अपवादाचे गाव भारतात आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू परिसरात सुमारे ९० औषधनिर्मात्यांचे सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात, योआकिम लार्सन यांच्या गटाला २००७ साली सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. दिवसाला बाहेर जाणारे हे औषध सुमारे ४५ किलो भरत होते, म्हणजे तेव्हाच्या अख्ख्या स्वीडनचा पाच दिवसांचा वापर. त्याच भागातल्या काझीपल्ली तलावाचा मेटाजीनोम २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८१ प्रकारची प्रतिरोधक जनुके होती आणि तुलनेला घेतलेल्या स्वीडिश तलावापेक्षा त्यांची विपुलता ७,००० पट होती. पण त्या निबंधाचे बळ आकड्यात नाही. संशोधकांनी त्या डेटातून २६ ज्ञात आणि २१ बहुधा नवे असे प्लास्मिड वेगळे काढून दाखवले, म्हणजे जनुकांबरोबर त्यांची वाहतूकही तपासली.

मुठा आणि काझीपल्ली या दोन्ही ठिकाणच्या याद्या वरवर सारख्या दिसतात. उपाय मात्र एकमेकांहून अगदी निराळे असू शकतात. जिथे जनुके मैल्याबरोबर येतात, तिथे पैसा नाल्यांवर, मैलावाहिन्यांवर आणि प्रक्रिया केंद्रांवर लागायला हवा. जिथे औषधाच्या दाबाखाली तीच जनुके जागेवर निवडली जाऊन पसरतात, तिथे कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी मर्यादा घालावी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषधकारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना अशा मर्यादा सुचवल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. हा निर्णय चुकीचा होता. पटनचेरूत काय घडले याचा डीएनए-पुरावा तोवर सार्वजनिक होऊन कित्येक वर्षे झाली होती.

चल घटकांकडे फक्त औषधांचे वैरी म्हणून पाहणेही अपुरे आहे. फ्रान्समधल्या रोस्कॉफ येथील सागरी संशोधन केंद्रात यान-हेंड्रिक हेहेमन आणि सहकारी समुद्री शेवाळातली पॉर्फिरान ही शर्करा तोडणारे विकर अभ्यासत होते. ते बनवणारा जिवाणू समुद्रातला. त्याच्या जनुकाचे जवळचे नातेवाईक सापडले ते जपानी माणसांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबियस या जिवाणूत. मग त्यांनी उपलब्ध मेटाजीनोम धुंडाळले. जपानी व्यक्तींच्या नमुन्यांत ही जनुके वारंवार दिसली, उत्तर अमेरिकन व्यक्तींच्या नमुन्यांत दिसली नाहीत. सुशीभोवती गुंडाळलेल्या नोरी या शेवाळावर बसून समुद्री जिवाणू पोटात गेले आणि त्यांचे जनुक तिथल्या रहिवाशाने घेतले, हे २०१० सालचे स्पष्टीकरण आजही पटते. एका समाजाच्या जेवणाची सवय त्याच्या आतड्यातल्या डीएनएत उमटलेली दिसते, ती चल घटकांमुळे.

तसाच पीबीआय१४३ हा प्लास्मिड. त्याचा उल्लेख १९८५ सालचा, लांबी जेमतेम २,७०० अक्षरे आणि जनुके दोनच: एक स्वतःची प्रत काढायचे, दुसरे पलीकडे जायचे. यजमानाला तो काय देतो हे दिसत नाही, म्हणून दशकानुदशके कोणी त्याच्याकडे वळून पाहिले नाही. २०२४ साली ‘सेल’मध्ये आलेल्या अभ्यासात मात्र तो माणसाच्या आतड्यातल्या सर्वाधिक विपुल जनुकीय घटकांपैकी एक ठरला, सरासरीने क्रासफाजच्या १४ पट. काही औद्योगिक देशांत ९२ टक्क्यांपर्यंत व्यक्तींमध्ये तो आढळतो. औषधप्रतिरोधाचीच चाळणी लावून बसलेल्या अभ्यासकाच्या हातून असा घटक सुटणारच. २०२२ साली बॅनफिल्ड यांच्या गटाने मिथेन खाणाऱ्या आर्कियांमध्ये जवळपास दहा लाख अक्षरांपर्यंतचे ‘बोर्ग’ नावाचे रेषीय घटक जाहीर केले, तेही दलदलीच्या मातीच्या मेटाजीनोममधूनच.

या सगळ्यावर रास्त आक्षेप आहेत. मेटाजीनोमला जिवंत आणि मेलेल्या पेशीतला फरक कळत नाही. गाळात चिकटून राहिलेला सुटा डीएनएही तो तितक्याच आदराने वाचतो. जनुक आहे म्हणजे ते चालू आहे असे नाही. फारच विरळ जिवाणू खोल वाचनातूनही निसटतात. मुठेच्याच अभ्यासात कोलिस्टिन या प्रतिजैविकाला रोखणारे एमसीआर-१ हे जनुक शहराच्या वरच्या अंगाच्या फक्त एका नमुन्यात दिसले, शहरातल्या एकाही नाही. यावरून शहरात ते नव्हतेच असे कोणी शहाणा संशोधक म्हणणार नाही. बशीत जिवाणू वाढवणे, त्यांच्यावर औषध घालून पाहणे आणि एकाचा प्लास्मिड दुसऱ्यात जातो का हे तपासणे याला पर्याय नाही. टिमोथी वॉल्श यांच्या गटाने दिल्लीच्या पाण्यावर २०११ साली केलेले काम आजही उपयोगी पडते ते त्यामुळेच. पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत त्यांना एनडीएम-१ मिळाले, पण ते तिथे थांबले नाहीत. वाढवलेल्या जिवाणूंतून प्लास्मिड पलीकडे जाण्याचे प्रमाण त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना मोजले, आणि ते ३० अंशांना, म्हणजे दिल्लीच्या हवेत वर्षातले कित्येक महिने असणाऱ्या तापमानाला, सर्वाधिक निघाले.

एनडीएम-१ च्या नावातल्या ‘एनडी’त नवी दिल्ली आल्यावरून भारतात मोठे वादळ उठले. त्या गदारोळात हे जनुक पहिल्यांदा नोंदवणाऱ्या मूळ निबंधातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाजूला पडली. २००८ साली स्वीडनमध्ये तपासलेल्या एका रुग्णाच्या क्लेब्सिएलामध्ये हे जनुक प्लास्मिडवर होते, आणि त्याच माणसाच्या विष्ठेतल्या इ. कोलायमध्येही होते, पण वेगळ्या आकाराच्या प्लास्मिडवर. एका जिवाणूजातीची सीमा त्या जनुकाने आधीच ओलांडली होती. देशाच्या अब्रूपेक्षा हा तपशील रुग्णांसाठी जास्त मोलाचा होता.

आक्षेपांमध्ये एक खर्चाचाही असतो, आणि तो हलका नाही. लांब वाचने महाग आहेत, हाय-सी त्याहून किचकट. पण एकदा केलेले क्रमवाचन पुन्हा पुन्हा उपयोगी पडते, हे खर्चाच्या हिशेबात धरले जात नाही. चीनमधून एमसीआर-१ ची बातमी नोव्हेंबर २०१५ मध्ये आली. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी नवा नमुना न घेता आपल्याकडे साठवलेल्या सुमारे ३,००० जिवाणू-जीनोममध्ये ते जनुक संगणकावर शोधले, आणि त्यांना ते एका रुग्णात आणि २०१२ ते २०१४ दरम्यान आयात झालेल्या कोंबडीच्या मांसात सापडले. काही आठवड्यांत उत्तर हाती आले. भारताने मात्र अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांमध्ये कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. कोणते जनुक पाच वर्षांनी महत्त्वाचे ठरेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. कच्चा डेटा जपला असेल तर तेव्हा मागे वळून पाहता येते. फरीदाबादचे इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर २०२२ पासून सुरू आहे. सरकारी पैशातून झालेल्या प्रत्येक नदी-अभ्यासाचा कच्चा क्रम, नमुना घेतल्याची जागा, तारीख आणि पाण्याचे तापमान यांसह तिथे खुला करणे बंधनकारक असायला हवे.

आज स्नानाच्या पाण्याची पात्रता ठरते ती जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅम आणि मैल्यातले कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमागे २,५०० पर्यंत, अशा मापांवर. ही मापे हवीतच. पण एकदा का प्लास्मिडसह जनुके नदीच्या गाळात मुरली, की कोलिफॉर्मचा आकडा त्यांचा पत्ता सांगू शकत नाही. ऋषिकेश-हरिद्वारच्या वरच्या गंगेत यात्रेच्या मे-जून महिन्यांत एनडीएम-१ जनुकाचे प्रमाण फेब्रुवारीच्या सुमारे २० पट असल्याचे २०१४ साली दिसले होते. नाशिकला २०१५ च्या कुंभमेळ्यात गोदावरीतल्या जिवाणूंची रचना स्नानांमुळे कशी बदलली, यावर पुण्याच्या संशोधकांनी काम केले आहे. ते कोणते जिवाणू आले-गेले याबद्दल होते.

२०२७ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाला त्याच्या पुढचा प्रश्न विचारता येईल. पर्वणीच्या आधी, पर्वणीच्या दिवशी आणि त्यानंतर पावसाळा व हिवाळा उलटल्यावर, रामकुंडाच्या वर आणि खाली ठरलेल्या ठिकाणांहून पाणी आणि गाळ दोन्ही घ्यायचे. निदान काही नमुन्यांवर लांब वाचने आणि हाय-सी करायचे. प्रत्येकात क्रासफाज मोजून मैल्याचा वाटा वेगळा काढायचा. आणि रुग्णालयांत त्याच महिन्यांत वेगळ्या केलेल्या जिवाणूंचे प्लास्मिड त्यांच्या शेजारी ठेवून पाहायचे. गर्दी ओसरल्यावर जनुके नाहीशी होतात, की तेवढ्या वेळात नदीच्या स्वतःच्या जिवाणूंत शिरून मुक्काम ठोकतात, याचे उत्तर त्यातून मिळू शकेल. नाशिक महापालिका, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, पुण्यातले राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि नागपूरची नीरी यांनी एकत्र बसून त्याचा आराखडा आणि खर्च पहिल्या पर्वणीच्या पुरेसा आधी ठरवायला हवा, कारण आधीचे नमुने नसतील तर नंतरच्या नमुन्यांची तुलना कशाशीच करता येणार नाही.